अंकलिपीतील जलरंगचित्रे

'ब बदकाचा' हा पाठ मूल प्रथम चित्र ओळखून म्हणते; बदकच ओळखता आले नाही, तर अक्षराचा आधार सुटतो. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग सहसा लावावयाचा नसतो, कागदाचा कोरा भागच राखावयाचा असतो. म्हणजे पांढरे बदक रंगविणे हे वस्तुतः भोवतालचे पाणी रंगविणे होय. हे पाणी फिकट ठेवल्यास मूळ चित्र मोहक दिसते. परंतु छपाईच्या ठिपक्यांत अतिफिकट छटा विरून जातात व पक्ष्याची कड हरवते. नवशिका चित्रकार मग काळी रेघ ओढून मोकळा होतो. हा उपाय अगदीच त्याज्य नव्हे. तथापि पहिला निळा थर पूर्ण वाळल्यावर कडेलगत दुसरा गडद थर देणे अधिक बरे. चोच मात्र निःसंकोच नारिंगी असावी; निळ्याशेजारी ती उठून दिसते.