भिंत जाड दिसते तेव्हा

सोनोग्राफीला उपाशी पोटी यायचं असतं, हे घाटाखालच्या गावागावांत आता सगळ्यांना ठाऊक झालंय. चहा घेतला तरी उपाशीच, असाही तितकाच पक्का समज आहे. "काई खाल्लं नाई मॅडम, निस्ता चा घेतला," हे वाक्य खामगावच्या माझ्या सेंटरवर रोज सकाळी कुणी ना कुणी म्हणतंच. दुधाचा चहा पोटात गेला की त्यातल्या स्निग्धांशामुळे पित्ताशय आकसतं, आतलं पित्त आतड्यात सोडतं आणि आकसल्यामुळे त्याची भिंत पडद्यावर जाड दिसू लागते. सूज आलेल्या पित्ताशयाची भिंतही जाडच दिसते. म्हणून चहा घेऊन आलेल्यांना मी दुपारपर्यंत बाकावर बसवते. संग्रामपूरहून पहाटेची एसटी पकडून आलेला माणूस त्यावर वैतागतो, आणि त्याचं वैतागणं मला पटतंही.

मोताळा तालुक्यातल्या एका गावाहून आलेले काका मात्र खरोखर उपाशी होते. सोबत मुलगा, हातात साड्यांच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत दोन वर्षांचे रिपोर्ट. जुन्या सोनोग्राफीचे फोटो त्याने जपून ठेवायला म्हणून लॅमिनेट करून आणले होते. तो कागद उष्णतेवर छापला जातो, त्यामुळे लॅमिनेशनच्या मशीनमधून गेला की सगळाच काळा पडतो. मला आधीचं काही बघायला मिळालं नाही. एक टाइप केलेला रिपोर्ट तेवढा शाबूत होता. त्यात लिहिलं होतं, पित्ताशयात खडे, भिंत जाड, तीव्र सूज. त्यावरून कुणीतरी ऑपरेशन सांगितलं होतं, आणि मुलाने सोयाबीन विकून पैसे तयार ठेवले होते.

काकांना लिव्हर सिरोसिस असल्याचं आधीच कळलेलं होतं. सदरा वर केला तेव्हा पोट तट्ट फुगलेलं, कातडी चकचकीत, बेंबीभोवती निळसर शिरा आणि पायांवर बोट दाबलं की खळगा. "गार लागेल हं काका," म्हणत जेल लावलं. पडद्यावर यकृताची कड खडबडीत होती, उजवा भाग आक्रसलेला होता. प्लीहा, जिला आमच्याकडे जुनी माणसं पानथरी म्हणतात, ती साधारण १२ सेंटीमीटरच्या आत असते. काकांची १६च्या पुढे होती. सोनोग्राफीत पाणी काळं दिसतं, आणि त्यांचं पोट काळ्या पाण्याने भरलेलं होतं. त्या काळ्यात पित्ताशय तरंगत होतं.

भिंत मोजली. पुढची, म्हणजे यकृताला टेकलेली भिंत मोजायची असते. ९ मिलिमीटर आली. ३ मिलिमीटरपर्यंत ती नेहमीची समजतात. आत दोन खडे होते, दोन पांढरे ठिपके आणि प्रत्येकामागे काळी सावली. "काका, डाव्या कुशीवर व्हा." खडे घरंगळून खाली गेले. म्हणजे पित्ताशयाच्या तोंडाशी काही अडकलेलं नव्हतं.

एवढं झाल्यावर प्रोब नेमका पित्ताशयावर ठेवून मी दाबला.

"दुखतं का इथं?"

"नाई."

"श्वास आत घ्या. जोरात."

त्यांनी छाती भरून श्वास घेतला. पित्ताशयाला खरोखर सूज असती, तर श्वास घेताना ते खाली सरकून प्रोबवर आपटलं असतं आणि काकांचा श्वास अर्ध्यातच अडकला असता. शिकागोचे सर्जन जॉन मर्फी यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही खूण सांगितली. ते बोटांनी दाबून बघत, आम्ही प्रोबने दाबतो. मधल्या काळात कोट्यवधींची मशीन आली, पण त्या दाबण्याला चांगला पर्याय मला अजून दिसलेला नाही. अट एकच, पेशंट वेदनाशामक इंजेक्शन घेऊन आलेला नसावा. म्हणून मुलाला विचारलं. त्या आठवड्यात नाही म्हणाला, पण आधी गावात दोनदा डायक्लोफिनॅक टोचून झालं होतं. सिरोसिसच्या माणसाला हे इंजेक्शन देणं म्हणजे त्याच्या मूत्रपिंडांशी खेळ आहे. पोटात पाणी झालेलं असेल तर जास्तच.

मग भिंत ९ मिलिमीटर कशाने झाली? कारण पित्ताशयात नव्हतंच. यकृत टणक झालं की त्यातून जाणाऱ्या रक्ताची वाट अडते, आणि पित्ताशयातल्या शिराही त्याच वाटेला मिळत असल्याने त्यांच्यातलं रक्त तुंबतं. दुसरीकडे यकृत अल्ब्युमिन पुरेसं बनवत नाही. रक्तात पाणी धरून ठेवणारं हे प्रथिन कमी झालं की पाणी पायात, पोटात उतरतं तसंच पित्ताशयाच्या भिंतीतही झिरपतं. पायाची सूज पाहून कुणी पाय कापायला सांगत नाही. पित्ताशयाच्या बाबतीत मात्र जाड भिंत आणि खडे एकत्र दिसले की हात शिवशिवतात.

खड्यांचंही तसंच. सिरोसिसच्या माणसांत पित्ताशयाचे खडे इतरांपेक्षा दुपटी-तिपटीने आढळतात. वाढलेली प्लीहा तांबड्या पेशी जास्त मोडते, त्यातलं बिलिरुबिन पित्तात येतं. यकृत पित्ताम्लं कमी बनवतं. पित्ताशय नीट आकुंचन पावत नाही आणि पित्त आत साचून राहतं. त्यातून बहुतेक वेळा रंगद्रव्याचे काळे, ठिसूळ खडे तयार होतात. खडे विरघळवण्याच्या गोळ्या चालल्याच तर कोलेस्टेरॉलच्या खड्यांवर चालतात, या खड्यांवर त्यांचा उपयोग नाही. पण यातले बरेचसे खडे आयुष्यभर मुकाट पडून राहतात. ते सापडतात कारण आम्ही लिव्हर बघायला जातो आणि पित्ताशय वाटेत असतं.

सोनोग्राफी करणाऱ्याचं निम्मं काम पडद्यावर असतं, निम्मं रिपोर्टच्या शेवटच्या चार ओळींत. पेशंट मला परत भेटेल याची खात्री नसते. रिपोर्ट मात्र भेटतो: गावच्या डॉक्टरला, मेडिकल दुकानदाराला, पुण्यात कंपनीत असलेल्या पुतण्याला व्हॉट्सअॅपवर. त्यामुळे दिसलेलं सगळं लिहायचं, पण त्याचा अर्थ तितक्याच जपून लिहायचा, हे मी पाळते. काकांच्या रिपोर्टात भिंतीचं माप घातलं, खडे हलतात हे लिहिलं, दाबल्यावर दुखत नाही हे वेगळ्या ओळीत लिहिलं, आणि जाडी सिरोसिस व पोटातल्या पाण्यामुळे असावी, तीव्र सुजेची लक्षणं नाहीत, असा शेवट केला. "असावी" हे लिहावंच लागतं. ताप, पांढऱ्या पेशी, पेशंटचा चेहरा या गोष्टी प्रोबमधून दिसत नाहीत.

ऑपरेशन करायचं की नाही हे सर्जन ठरवतात, आणि त्यांची मोजपट्टी वेगळी असते. १९६४ मध्ये चाइल्ड आणि टर्कॉट यांनी मांडलेली आणि १९७३ मध्ये पग यांनी सुधारलेली ही गुणपद्धत आजही वॉर्डात तोंडपाठ असते. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठण्याचा वेळ, पोटातलं पाणी आणि मेंदूवरचा परिणाम, अशा पाच गोष्टींना १ ते ३ गुण. बेरीज ५-६ आली तर अ गट, ७ ते ९ ब, १० किंवा त्यापुढे क. काकांचे रक्ताचे रिपोर्ट समोरच होते. बिलिरुबिनचे ३, अल्ब्युमिनचे ३, गोठण्याचे २, पाण्याचे ३, आणि डोकं शाबूत म्हणून १. बेरीज १२. या गटात भूल, रक्तस्राव आणि नंतर ढासळणारं यकृत यांतून माणूस दगावण्याची भीती मोठी असते. न दुखणाऱ्या खड्यांसाठी ती कुणी का पत्करावी?

दुसरी बाजूही त्याच सुमारास टेबलावर आली. जळगाव जामोदकडच्या मावशी, बरीच वर्षं मधुमेह, दारूचा थेंब कधी नाही. तरीही सिरोसिस. ("लिव्हर खराब" म्हटलं की गाव दारूचाच हिशेब मांडतं, आणि सून आधीच त्याचा खुलासा करून टाकते. लठ्ठपणा, मधुमेह, हिपॅटायटिस बी आणि सी यांनीही यकृत असंच होतं, हे मी टेबलाशी उभं राहून किती वेळा सांगते!) पोटात पाणी नव्हतं. भिंत काकांच्या निम्मी, जेमतेम ५ मिलिमीटर. पण पित्ताशय टम्म ताणलेलं आणि एक खडा तोंडाशी असा बसलेला की कूस बदलूनही हलेना. प्रोब दाबला तर मावशींनी माझं मनगट धरलं. "बाई वं, तिथं नको!" ताप दोन दिवसांपासून होता.

इथे मात्र सगळं लिहिलं, आणि जास्तीचं एक. कलर डॉपलर लावून भिंतीत फुगलेल्या शिरा आहेत का ते पाहिलं. नव्हत्या. पण यकृतापासून बेंबीकडे जाणारी जन्मानंतर मिटलेली वाट पुन्हा उघडून तिच्यातून रक्त वाहत होतं. दुर्बिणीच्या ऑपरेशनला पहिलं छिद्र बहुतेकदा बेंबीजवळच पाडतात, म्हणून ते ठळक लिहिलं. अकोल्याच्या सर्जनने फोन करून फक्त तेवढंच विचारलं, शीर नेमक्या कोणत्या बाजूला आहे.

दुर्बिणीने पित्ताशय काढण्याची सुरुवात भारतात १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी केली. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या परिषदेने शेवटच्या टप्प्यातल्या सिरोसिसच्या पेशंटना या पद्धतीतून वगळलं होतं. पुढे हात बसत गेला, आणि आता अ गटात व निवडक ब गटात, त्रास असेल तर, दुर्बिणीचंच ऑपरेशन पसंत करतात. क गटात अगदी नाइलाज झाला तर पित्ताशयात नळी टाकून पू काढतात आणि वाट बघतात. आमच्या जिल्ह्यात २०२४ मध्ये बुलढाण्याला सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं, पण लिव्हरचे अवघड पेशंट अजून तरी अकोला, छत्रपती संभाजीनगर किंवा नागपूरच गाठतात.

मावशींचं ऑपरेशन झालं. यकृताला चिकटलेली भिंत सर्जनने तशीच राहू दिली, कारण ती सोलायला गेलं की टणक यकृतातून रक्त थांबता थांबत नाही. टाके काढल्यावर सून मुद्दाम खडे दाखवायला आली. औषधाच्या छोट्या बाटलीत काळे मिरे ठेवावेत तसे ते दिसत होते.

काकांच्या मुलाला समजावणं जास्त अवघड गेलं. ऑपरेशन करायचं म्हटलं की घरचे घाबरतात, पण तयार होतात. करायचं नाही म्हटलं की त्यांना वाटतं, डॉक्टरने आशा सोडली. "मंग खड्यायचं काय?" त्याने दोनदा विचारलं. खडे राहू देत, म्हटलं. सोयाबीनचे पैसे दुर्बिणीने अन्ननलिकेतल्या शिरा तपासायला ठेव. हिपॅटायटिसची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते, २०१८ पासून त्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम आहे. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी कर, खड्यांसाठी नव्हे, लिव्हरमध्ये गाठ होत नाही ना ते बघायला. आणि थंडी वाजून ताप आला, उजव्या कुशीत दुखू लागलं किंवा काका भलतंसलतं बोलू लागले, तर माझी वाट न बघता थेट मोठ्या दवाखान्यात.

त्याने मोबाइलमध्ये सगळं टिपून घेतलं. दारापर्यंत जाऊन परत आला.

"मॅडम, मायनं पानफुटीचा रस चालू केला हाये. खडे पडतात म्हने. बंद करू का?"

खारपाणपट्ट्यात मुतखड्यावर हा रस घरोघरी पितात. त्याने मुतखडा तरी पडतो का, हा वाद वेगळाच.

"बंद करा," म्हटलं. "आणि लोणचंही. पापड, ठेचा, सगळं मिठाचं."

लोणच्याचं नाव काढताच इतका वेळ गप्प बसलेले काका पहिल्यांदा आपणहून बोलले, "ते नाई व्हायचं."