डाग कुठला, गोंदण कुठलं

जुने फोटो दुरुस्त करणाऱ्यांवर लिहा, असं संपादकांनी सुचवलं तेव्हा कोल्हापूरच आठवलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी घरांत शिरलं. कपाटं, ट्रंका, भिंतीवरच्या फ्रेमा यांच्याबरोबर पिढ्यांचे अल्बमही भिजले. ते घेऊन लोक ज्यांच्याकडे जातात, त्यांना सगळे काका म्हणतात. नाव छापू नका, एवढीच त्यांची अट.

काका पूर्वी स्टुडिओत निगेटिव्हवर टचिंग करायचे. खालून उजेड, हातात टोकदार पेन्सिल. प्रिंटवरचे पांढरे ठिपके ते बारीक ब्रशनं भरायचे. आता तोच हात ग्राफिक टॅब्लेटवर चालतो. एका भेगेवर त्यांनी अर्धा तास घालवलेला मी पाहिला. शेजारचाच पोत उचलून थोडा थोडा भेगेत भरायचा आणि मधूनच चित्र लहान करून लांबून बघायचं. घाई नाही, बोलणं नाही.

रंग का उडतात, हे आधी समजून घ्यायला हवं. कृष्णधवल फोटोतली प्रतिमा चांदीच्या कणांची असते. प्रिंट नीट धुतलेली असेल तर ती शंभर वर्षंही टिकते. रंगीत प्रिंटमधून मात्र चांदी काढून टाकलेली असते आणि सायन, मॅजेंटा व पिवळा अशा तीन रंगद्रव्यांचे थर उरतात. तिघांचं आयुष्य सारखं नसतं. कोडॅकनं १९४२ मध्ये कोडाकलर आणलं. त्याच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या प्रिंट आज पिवळ्या आणि फिक्या पडल्या आहेत. आपल्याकडे रंगीत फोटो घरोघरी पोचला तो ऐंशीच्या दशकात, कलर लॅब गावोगावी आल्यावर. म्हणून काकांच्या टेबलावरचा ढीग बहुतेक त्याच काळातल्या लग्ना-मुंजींचा असतो. अल्बमच्या अंधारात राहिलेल्या प्रिंटमधला सायन बहुधा आधी जातो आणि अख्खं वऱ्हाड तांबूस होतं. भिंतीवर उजेड खाल्लेल्या प्रिंटमध्ये मॅजेंटा लवकर उडतो.

मला गुंतवून ठेवलं ते या तांबूस फोटोंच्या उपचारानं. काका फोटो किमान ६०० डीपीआयला, १६ बिटमध्ये स्कॅन करतात आणि स्कॅनरच्या आपोआप सुधारणा बंद ठेवतात. मग लाल, हिरवा, निळा असे तीन चॅनेल वेगळे उघडतात. सायन गेलेल्या फोटोत लाल चॅनेलचा आलेख आकसून एका टोकाला चिकटलेला असतो. काळे केस काळे आणि पांढरी टोपी पांढरी दिसेपर्यंत तो हळूहळू ताणायचा. ८ बिटमध्ये प्रत्येक चॅनेलला २५६ पायऱ्या मिळतात, १६ बिटमध्ये ६५,५३६. आकसलेला आलेख ताणताना या जादा पायऱ्याच कामी येतात, नाहीतर गालांवर पट्टे उमटतात. जिथं लाल चॅनेलमध्ये काहीच उरलेलं नाही, तिथं हिरव्यातून थोडा तपशील उसना घ्यावा लागतो.

त्या काळातल्या पुष्कळ प्रिंट जाळीदार पोताच्या कागदावर आहेत. स्कॅनरच्या उजेडात ती जाळी चेहऱ्यावर चमकते. त्यावर काकांचा उपाय असा, की फोटो एकदा सरळ, एकदा उलटा फिरवून स्कॅन करायचा आणि दोन्ही एकमेकांवर ठेवून जाळीच्या सावल्या मारायच्या. शालूचा रंग ठरत नसेल तर ते घरच्यांना विचारतात. एका बाईंनी तर आईचा शालूच आणून टेबलावर ठेवला होता. त्यावरून रंग जुळवता आला.

एवढं सगळं आता मोबाइलवर क्षणात होतं, असं गिऱ्हाईक म्हणतं, आणि इथूनच माझी काळजी सुरू होते. चेहरे उजळवणारी जीएफपीगॅनसारखी एआय मॉडेलं २०२१ पासून उपलब्ध आहेत. जीएफपीगॅनचं शिक्षण झालं फ्लिकरवरून गोळा केलेल्या ७०,००० चेहऱ्यांच्या संचावर. पुसट झालेल्या डोळ्यांच्या जागी ते शक्यतेतला डोळा रचतं. तो रेखीव असतो, पण आजीचा असेलच असं नाही. काकांनी मला असा एक फोटो दाखवला. मूळ चेहऱ्यावर देवीचे व्रण होते, कपाळावर गोंदण होतं. मोबाइलवरच्या प्रतीत त्वचा गुळगुळीत आणि कपाळ कोरं. काका एवढंच म्हणाले, “गोंदण हाय ते, डाग न्हवं.”

कृष्णधवल फोटोला आपोआप रंग देण्यातही हाच धोका आहे. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसतच नसे, त्यामुळे लाल कुंकू काळं उमटायचं. लुगडं हिरवं होतं की जांभळं, हे त्या करड्या छटेवरून सांगता येत नाही. यंत्र अंदाज करतं आणि पुढची पिढी तो अंदाज पुरावा म्हणून जपते.

पुरातल्या फोटोंचं दुखणं आणखी वेगळं. ओला जिलेटिनचा थर वाळताना काचेला चिकटतो. ओढून काढला तर चेहरा काचेवरच राहतो. अशा फोटोला काका हात लावत नाहीत, काचेसकट स्कॅन करतात. एकमेकांवर वाळून बसलेल्या गठ्ठ्यांना मात्र बहुतेक वेळा इलाज नसतो. भिजलेले फोटो ओले असतानाच स्वच्छ थंड पाण्यात अलगद सुटे करून सावलीत वाळवले असते, तर त्यांतले पुष्कळ वाचले असते.

म्हणून वाचकांना विनंती आहे. या सुट्टीत अल्बम खाली काढा. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला शेजारी बसवून कोण कोण आहे ते विचारा आणि प्रत्येक फोटोमागे मऊ पेन्सिलीनं नावं लिहा. फोटो स्कॅन करून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. दुरुस्ती करवून घ्याल तेव्हा काय भरलं, काय बदललं हे विचारून घ्या, आणि नवी प्रत कितीही सुंदर आली तरी मूळ फोटो टाकू नका. उद्या याहून चांगलं तंत्र येईल, पण त्यालाही मूळ फोटोच लागेल.