लस कोणाच्या सहीने?

सरकारच्या ताब्यातील मुलाला लस टोचायची तर होकार कोणाचा घ्यायचा, हा प्रश्न लसीइतकाच जुना आहे. १८०३ मध्ये स्पेनहून निघालेल्या बाल्मिस मोहिमेने २२ अनाथ मुलांच्या दंडांवरून देवीची लस अमेरिकेपर्यंत नेली. त्या मुलांना कोणी विचारले नव्हते.

भारतात १८८० च्या लसीकरण कायद्याने ठरावीक नगरपालिका व छावण्यांत मुलाला देवी टोचून घेण्याची जबाबदारी पालकांवर टाकली. मराठवाड्यातील दौलताबाद तेव्हा निजामाच्या राज्यात, म्हणून या कायद्याच्या कक्षेबाहेर होते. आज दौलताबाद स्थानकावर एकटे सापडलेले मूल, प्रवासाचा वेळ वगळून, २४ तासांत बालकल्याण समितीपुढे न्यावे लागते. समितीच्या आदेशाने ते बालगृहात गेले की आई-बापांच्या जागी अधीक्षक उभा राहतो. बाल न्याय कायद्याच्या २०१६ च्या नियमांनुसार शस्त्रक्रियेपूर्वी पालकांची संमती लागते. पालक सापडत नसतील आणि उशिराने मुलाला इजा होणार असेल, तरच अपवाद. लस म्हणजे शस्त्रक्रिया नव्हे, त्यामुळे इथे मोकळी जागा राहते.

ही जागा किती धोक्याची, ते खम्मममध्ये दिसले. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील या जिल्ह्यात १० ते १४ वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस देणारा अभ्यास-प्रकल्प सुरू झाला. अनेक मुली आदिवासी, सरकारी वसतिगृहांत राहणाऱ्या. संसदेच्या स्थायी समितीच्या २०१३ च्या अहवालानुसार तपासलेल्या ९,५४३ संमतिपत्रांपैकी २,७६३ वर वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या, तर १,९४८ वर अंगठे. राज्य सरकारच्या परिपत्रकानेच मुख्याध्यापक व वॉर्डनना पालकांच्या वतीने सही करायला सांगितले होते. काही मुलींच्या मृत्यूनंतर एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबला. हे मृत्यू लसीमुळे झाले नसावेत, असे चौकशी समितीचे मत पडले. पण त्याने सह्या वैध ठरत नाहीत.

पुढे न्यायालये बोलली. गोवर-रुबेला मोहिमेत पालकांची संमती गृहीत धरता येत नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितले. कोणावरही लसीची सक्ती करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी कोविडच्या प्रकरणात स्पष्ट केले. बाल न्याय कायद्याच्या तत्त्वांत मुलाचे म्हणणे ऐकून घेणेही येते, आणि १२ वर्षांखालच्या मुलाची संमती फौजदारी कायदा सहसा मानत नाही. तेव्हा अधीक्षकाची सही पालकांचा खरा शोध घेतल्यानंतरच यावी, आणि जाणत्या मुलाला लस कशाची आहे हे त्याच्या भाषेत सांगितल्याखेरीज सुई टोचू नये.