धार्मिक संस्थेच्या शाळेत मूल टाकताना : पैसा, वेळ आणि मन



जून जवळ आला की भिवापूरच्या बाजारात आम्हा शिक्षकांना एक प्रश्न हमखास येतो. "सर, पोरीले कॉन्व्हेंटमध्ये टाकू का जी?" आपल्या विदर्भात इंग्रजी शाळा म्हणजे कॉन्व्हेंट, मग ती कोणाचीही असो. खरं तर कॉन्व्हेंट म्हणजे ख्रिस्ती सिस्टरांचा मठ. म्हणून आधी विचारा, शाळा चालवतं कोण? मिशन, मुस्लिम संस्था, जैन संस्था, हिंदू ट्रस्ट की नुसता एखादा खासगी मालक? पुढचं बरंच काही या उत्तरावर ठरतं.

फायदा आहे का? आहे. नागपुरात स्टीफन हिस्लॉप यांनी १८४६ साली मिशनची शाळा काढली. १८८३ मध्ये सुरू झालेलं हिस्लॉप कॉलेज आजही त्यांच्या नावाने ओळखलं जातं. महात्मा फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. त्यांनी शिक्षण घेतलं, पण ते ख्रिस्ती झाले नाहीत. पुढे १८४८ मध्ये त्यांनी मुलींची शाळा काढली. शिस्त, नियमित तास, ग्रंथालय आणि सेवाभावाने शिकवणारी माणसं या गोष्टी अशा अनेक शाळांत मिळतात. अल्पसंख्याक समाजाच्या मुलांना तिथे आपली भाषा आणि रीतही जपता येते.

मग धोका कोणता? पालकांची भीती जुनीच आहे. १८३९ साली मुंबईत जॉन विल्सन यांच्या शाळेतले दोन पारशी तरुण ख्रिस्ती झाले, तेव्हा कितीतरी पालकांनी मुलं काढून घेतली. आज या भीतीला राज्यघटनेत उत्तर आहे. कलम २८(३) नुसार मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षण वा प्रार्थना मुलावर लादता येत नाही. मूल अज्ञान असेल तर पालकांची संमती लागते. हा नियम सगळ्याच धर्मांच्या संस्थांना लागू आहे. पण हक्क कागदावर असून भागत नाही, तो माहीत असावा लागतो.

आता हिशोब मांडू.

१. पैशाचा. आपल्याकडे जूनमध्ये बियाणं-खत आणि शाळेची फी एकदमच दारात उभी राहतात. मिरची-सोयाबीनचा पैसा त्यानंतर कधीतरी येतो. फीसोबत व्हॅन, गणवेश, पुस्तकं, स्नेहसंमेलन हेही धरा आणि एका वर्षाचा नाही, दहावीपर्यंतचा आकडा काढा. देणगी मागणं १९८७ च्या राज्य कायद्याने बंद आहे. २०११ च्या कायद्यानुसार फीचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावा लागतो. अजून एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के मोफत जागा अल्पसंख्याक शाळांत मिळत नाहीत, कारण २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्या शाळा कायद्याबाहेर ठेवल्या. हिंदू ट्रस्टची विनाअनुदानित शाळा अल्पसंख्याक दर्जाची नसेल, तर तिथे या जागा असतात.

२. वेळेचा. चांगली शाळा उमरेडला किंवा नागपूरला असेल, तर मूल रोज किती तास रस्त्यावर राहील? सहा वर्षांचं लेकरू संध्याकाळी पेंगत घरी आलं, तर शाळेत शिकलेलं मुरणार कधी?

३. मनाचा. घरातलं आणि शाळेतलं वेगळं असलं तर बिघडत नाही. बिघडतं ते मुलाला आपलं घर कमी वाटायला लागलं की, किंवा दुसऱ्याच्या धर्माचं मूल वर्गात कधी दिसलंच नाही की.

म्हणून फॉर्म भरण्याआधी शाळेत जा आणि चार गोष्टी विचारा. प्रार्थनेला संमती घेता का? एखाद्या मुलाने भाग घेतला नाही तर त्या वेळेत ते काय करतं? मराठी कोण शिकवतं? वर्गात कोणकोणत्या घरची मुलं आहेत?

मग तिथल्या दुसरीतल्या पोराला एक पान वाचायला लावा आणि अर्थ विचारा. तेच आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतही करून बघा. जिथे पोरगं न अडखळता, न घाबरता सांगतं, त्या शाळेकडे आधी वळा. पाटी कोणाची आहे, ते त्यानंतर.