भ्रंशाची जन्मतारीख मागू नका

स्कॉटलंडच्या नकाशावर इन्व्हरनेसपासून फोर्ट विल्यमपर्यंत एक दरी नाकासमोर सरळ गेलेली दिसते. लॉख नेस सरोवर तिच्यातच आहे. ही ग्रेट ग्लेन भ्रंशाची रेषा. इथले खडक मुख्यतः आडवे, एकमेकांना घासत सरकले. किती सरकले आणि केव्हा, हे प्रश्न वेगळे. पण पहिल्याचे उत्तर मिळाले की दुसऱ्याचेही निम्मे काम झाले, असे वाटणे साहजिक होते. 1946 मध्ये डब्ल्यू. क्यू. केनेडी यांनी मांडले, की भ्रंशाच्या वायव्येचा स्ट्रॉन्शियनचा ग्रॅनाइट आणि आग्नेयेचा फॉयर्सचा ग्रॅनाइट हे एकाच पिंडाचे तुकडे आहेत. (स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्याला नाव मिळाले ते याच स्ट्रॉन्शियनवरून.) त्या हिशेबाने सरक सुमारे 104 किलोमीटरची, आणि ग्रॅनाइट तुटला, म्हणजे ती त्याच्या जन्मानंतरची. युक्तिवाद देखणा होता. पुढे दोन्ही ग्रॅनाइटांची अंतर्रचना आणि रासायनिक घडण ताडून पाहिली तेव्हा ती जुळेना, आणि अंतराबरोबर तारखेचाही आधार सुटला.

मग साक्ष काढायची कुणाची? माझ्या मते, हालचाल चालू असतानाच थिजलेल्या खडकाची. लॉख लॉकीजवळ क्लून्स येथे टोनॅलाइट हा ग्रॅनाइटच्या कुळातला खडक आहे. त्यातले स्फटिक ज्या दिशेने ओळीत लागले आहेत, त्यावरून शिलारस पुरता घट्ट होण्याआधीच त्याला ताण बसत होता आणि भ्रंशापलीकडची बाजू डावीकडे सरकत होती, हे कळते. त्यातल्या झिरकॉन या खनिजाचे युरेनियम-शिसे वय सुमारे 42.8 कोटी वर्षे आले. झिरकॉन सांगतो ते खडक थिजल्याचे वय, सरकण्याचे नव्हे, हा आक्षेप रास्तच आहे. नंतर तुटलेल्या खडकाबाबत त्याला उत्तरही नाही. तिथे ‘सरक याच्या अलीकडची’ एवढेच म्हणता येते. क्लून्समध्ये मात्र थिजणे आणि सरकणे एकाच वेळचे आहे. तरीही सरक सुरू केव्हा झाली आणि थांबली केव्हा, हे या एका आकड्यातून कळत नाही.

मग भ्रंशात भरडून झालेल्या मातीचेच वय का काढू नये? काढतात. तिच्यातल्या इलाइट या अभ्रकासारख्या खनिजात पोटॅशियमपासून आर्गॉन साचतो. पण त्या मातीत मूळ खडकाचे जुने कणही मिसळलेले असतात, आणि नंतरच्या उष्णतेने आर्गॉन निसटूही शकतो. म्हणून कण आकारानुसार वेगळे करून प्रत्येक गटाचे वय काढावे लागते. सर्वांत बारीक कण बहुधा सर्वांत नवे निघतात.

ग्रेट ग्लेनची खरी गुंतागुंत पुढेच आहे. आर्गाइल भागात सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वीच्या, भेगांत शिरून थिजलेल्या शिलारसाच्या भित्तींचा एक समूह आहे. तो भ्रंशापाशी 7-8 किलोमीटर सरकलेला दिसतो, आणि तोही उलट, उजव्या दिशेने. म्हणजे आज मोजलेले अंतर ही नुसती शिल्लक आहे. तिच्यावरून जमा केव्हा झाली आणि खर्च केव्हा पडला, हे कळणार नाही. केनेडींचे ग्रॅनाइट जुळले असते, तरी ही अडचण उरलीच असती.

तेव्हा ग्रेट ग्लेन ‘इतक्या कोटी वर्षांचा’ असे कुठे वाचलेत, तर तो आकडा कोणत्या खडकाचा आणि कोणत्या दिशेच्या सरकण्याचा, एवढे जरूर विचारा. आर्गॉनच्या मोजमापाचा तपशील पुढच्या भागात.