रानपाखराला घातलेली हाक

बैलाला 'हैक', कुत्र्याला 'यू यू', मांजराला 'शुक शुक'. या आपल्या घरागोठ्यातल्या हाका. ही जनावरं माणसाच्या हाताखाली वाढलेली, त्यांना आपला शब्द कळतो यात पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. मोझांबिकच्या उत्तरेला नियासाच्या रानात मात्र याओ माणसं एका रानपाखराला हाक घालतात. त्याला कुणी पाळलेलं नाही, शिकवलेलं नाही. जिभेची लांब थरथर आणि शेवटी हुंकार : 'ब्रर्र-हम्म'.

पाखरू म्हणजे ग्रेटर हनीगाइड. बुलबुलाएवढं, मातकट रंगाचं. त्याला पोळ्यातलं मेण आणि अळ्या हव्या असतात, पण आपल्या सातेरीसारखी झाडाच्या ढोलीत राहणारी तिथली माशी डंखानं त्याचा जीव घेऊ शकते. माणसाकडे कुऱ्हाड आहे, धूर आहे. पोळं कुठे आहे ते मात्र त्याला ठाऊक नाही. मग पाखरू चिवचिवत माणसापुढे या झाडावरून त्या झाडावर जातं, माणूस मागोमाग चालतो. केनियात हुसेन इसाक आणि हाइन्झ-उलरिख रेयर यांनी बोरान लोकांबरोबर हिंडून याचा हिशेब मांडला. अनोळखी भागात नुसतं शोधत फिरलं तर एका पोळ्याला सरासरी ८.९ तास लागत, पाखरू सोबत असलं की ३.२ तास. त्याच्या आवाजावरून आणि उडण्यावरून दिशा आणि अंतर ओळखता येतं, हा बोरानांचा दावाही मोजमापात खरा ठरला. हा अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला.

युरोपीय लेखनात या पाखराची नोंद त्याच्या कितीतरी आधीची आहे. जोआव दुश सांतुश हा पोर्तुगीज धर्मप्रसारक १५८८ साली सोफाला इथे होता. चर्चमधल्या मेणबत्त्यांचं मेण टोचून खाणारं एक पाखरू त्याने पाहिलं. हेच पाखरू माणसांना पोळ्यापर्यंत नेतं, असंही त्याने लिहून ठेवलं. पुढे १६२२ साली तो आपल्या गोव्यात वारला.

पण पाखराला माणसाची हाक खरंच कळते का? क्लेअर स्पॉटिसवुड यांनी कीथ आणि कोलीन बेग यांच्यासह नियासात रानातून चालताना वेगवेगळे आवाज ध्वनिक्षेपकावर वाजवले. इतर आवाजांना पाखरू वाट दाखवायला येण्याचं प्रमाण सुमारे ३३ टक्के होतं, 'ब्रर्र-हम्म'ला ६६. शेवटी पोळं सापडण्याचं प्रमाण तर तिपटीच्या वर, ५४ टक्क्यांवर गेलं. हे २०१६ चं. पुढे टांझानियातल्या हाडझांशी तुलना झाली. हाडझा शीळ घालतात. २०२३ साली स्पॉटिसवुड आणि ब्रायन वुड यांनी दाखवलं, की नियासातली पाखरं याओंच्या हाकेला अधिक येतात आणि हाडझांच्या मुलखातली शिळेला. जशी माणसं, तशी पाखरांची बोली! मला यातलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

कारण हनीगाइडची मादी दुसऱ्यांच्या घरट्यात अंडी घालते. पिल्लू परक्यांकडे वाढतं, त्याला आईबाप माहीतच नसतात. म्हणजे इथली हाक कोणती, हे ते आईबापांकडून शिकलेलं नाही. बहुधा त्या रानातल्या माणसांच्या मागे राहूनच ते शिकत असावं. मोबदल्याचे रिवाज मात्र वेगवेगळे. याओ हिरव्या पानांवर मेण मांडून ठेवतात. हाडझा उरलेलं मेण बरेचदा जाळतात किंवा पुरतात, पाखरू भुकेलं राहून पुढचं पोळं दाखवावं म्हणून.

आफ्रिकेच्या बऱ्याच भागांत आता साखर विकत मिळते. मधासाठी रानात जाणारी माणसं कमी झाली, आणि तिथली पाखरंही वाट दाखवेनाशी झाली. नियासात ती अजून येतात. तिथल्या याओंनी ही हाक आपल्या वडिलांकडून घेतली आहे.