सिसिलीचा काउंट रॉजर आणि त्याचं घराणं

इटलीजवळच्या सिसिली बेटावर सुमारे अडीचशे वर्षे मुस्लिम सत्ता होती. ती संपवली काउंट रॉजरने. नॉर्मंडीतल्या टँक्रेड ओतविल या छोट्या सरदाराचा हा धाकटा मुलगा. १०७२ मध्ये थोरला भाऊ रॉबर्टसोबत त्याने पालेर्मो घेतलं. १०९१ मध्ये शेवटचं नोटो शहरही शरण आलं. तरी त्याच्या फौजेत मुस्लिम सैनिक होते.

११०१ मध्ये काउंट वारला. मुलगा दुसरा रॉजर ११३० मध्ये राजा झाला. त्याच्यासाठीच अल-इद्रिसी यांनी भूगोलाचा प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. राजाची मुलगी कॉन्स्टन्स. तिचा मुलगा सम्राट दुसरा फ्रेडरिक. म्हणजे काउंटचा पणतू. त्यानेच उठावानंतर सिसिलीतल्या मुसलमानांना बेटावरून हलवून इटलीतल्या लुचेरात नेलं.

आईकडून रक्त तेच होतं. पण राजाच्या मर्जीवर मिळालेलं संरक्षण मर्जी फिरताच संपलं.